पौषातली मेंदी

गुरुवार, २ जानेवारी

ललितने आज ही डायरी माझ्यापुढे टाकली. खतवाल्या दुकानदाराने नव्या वर्षाची म्हणून फुकट दिलेली, वर भलामोठा टोमॅटो छापलेला. म्हणाला, "कंपनीतला राग रोज घरी आनतेस आन् माज्यावर काडतेस. आता यात काड." नवरा असा आहे. पण बोलला ते खरं, म्हणून लिहितेय.

पालघरचं आमचं खासगी इस्पितळ बंद पडलं. इतकी वर्षं तिथे नर्स होते, घरी बसून पानवेली बांधायचा कंटाळा आला. मग तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांची पावडर बनवणाऱ्या कंपनीत सिस्टर म्हणून लागले. प्रथमोपचार खोली म्हणजे रिकाम्या गोण्यांचं कोठार होतं. घासघासून फरशी वर काढली तेव्हा कळलं की फरशी आहे!

खोलीतलं जुनं रजिस्टर चाळलं. गेल्या दोन वर्षांत एकाला मधमाशी चावली आणि एकाच्या बोटात सळ गेली. संपलं. रसायनाचा कारखाना, आणि कोणाला काही होत नाही. इथे माणसं नाहीत, देव कामाला आहेत.

मी प्रतापसरांना, म्हणजे इथल्या कामगार-अधिकाऱ्यांना, स्पष्ट सांगितलं की माझ्या खोलीत जो येईल त्याचं नाव, खातं, काय झालं, सगळं लिहिणार. लिहिलं नाही तर घडलंच नाही, हे इस्पितळाने शिकवलंय. ते हसून म्हणाले, "जरूर लिहा शैलाताई. रोज संध्याकाळी एक प्रत मला पाठवत जा. आम्हालाही कळायला हवं." इतक्या वर्षांत पहिला साहेब भेटला ज्याला माझं लिहिलेलं वाचायचंय.

शनिवार, ४ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक आलं! पावडर वाळवणाऱ्या ड्रायरवरचा पंढरी. डोकं ठणकतंय, पाय लटपटतायत. ओठ पाहिले तर निळे, नखंही निळी. थंडी कुठे एवढी? आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉ. किंजल नेमक्या आज होत्या. पोरगी तरुण आहे, पण हुशार; घाईत गुजरातीत बोलते. म्हणाली, "सिस्टर, पिवळी पावडर आहे ना, ती कातडीतून आत जाते. मग रक्त प्राणवायू धरतच नाही. एने पहेला, याला आधी आंघोळ घाला." पंढरीला साबणाने आंघोळ घातली, कपडे बदलले, मोकळ्या हवेत बसवला, प्राणवायू लावला. दुपारपर्यंत ओठांवर रंग आला.

सगळं लिहिलं. खातं: ड्रायर. ओठ व नखे निळी. कारण: पावडरीशी संपर्क. प्रत प्रतापसरांना दिली. ते म्हणाले, "उत्तम काम." घरी येऊन ललितला भाकरीबरोबर हेच वाढलं.

गुरुवार, ९ जानेवारी

आणखी दोघे आले, तसेच निळे. दोघांची नावं लिहिली, प्रत दिली.

पंढरीला परवा फेरतपासणीला बोलावलं होतं, आलाच नाही. गेटवर विचारलं तर रखवालदार म्हणाला, "तो तर गावाला गेला, वैतरण्याला." मेल्याला स्वतःच्या जिवाची काही किंमत! बरं करा, जपा, आणि हे चालले उठून गावाला. या लोकांसाठी जीव पाखडण्यात अर्थ नाही असं क्षणभर वाटलं. पण क्षणभरच. उद्यापासून मीच खात्यात फेरी मारून नखं बघणार. पर्वत महंमदाकडे जात नसेल तर शैला जाईल.

मंगळवार, १४ जानेवारी

आज तिळगूळ वाटायच्या निमित्ताने सगळ्या खात्यांत फिरले. एकेकाचा हात उलटा करून नखं बघायची असा माझा बेत होता. आणि काय बघते? ड्रायरवरच्या आणि प्रेसवरच्या निम्म्या पुरुषांच्या बोटांना मेंदी! तळव्यावर नाही, नक्षी नाही, नुसती नखं आणि पेरं, लालभडक. मला हसू आवरेना. म्हटलं, "काय रे बन्सी, बाशिंग कधी बांधतोयस?" बन्सी प्रेसवरचा, म्हणजे फडक्यांत लगदा दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रावरचा, धिप्पाड पण लाजरा गडी. खाली बघून म्हणाला, "भाच्याचं लगीन होतं, सिस्टर. बायांनी धरून लावली." बाकीचे म्हणाले, आम्ही पण त्याच लग्नाला होतो. असा गोतावळा हवा!

बन्सीची बायको मैनाबाई आमच्याकडेच ठेक्यावर आहे. प्रेसची फडकी धुते. तिच्याही हाताला कोपरापर्यंत मेंदी. तिला तिळगूळ दिला तर घेतला, पण गोड बोलली नाही. माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिची म्हैस सोडून दिली.

घरी आल्यावर ललितला हसत हसत सांगितलं. तो पानं मोजत होता, मान वर न करता म्हणाला, "पौषात कोनाचं लगीन गो?" मी म्हटलं, असेल त्यांच्यात चालत, तुला काय करायचंय. त्याला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे.

पण नखं काही बघता आली नाहीत. मेंदीखाली काय दिसणार! बाकी तक्रार एकाचीही नाही. एकंदरीत आठवडा बरा गेला म्हणायचा.

शनिवार, १८ जानेवारी

जेवण तसंच ठेवून लिहायला बसलेय.

जेवणाच्या सुट्टीआधी चौघांनी बन्सीला उचलून आणलं. प्रेसची नळी निसटून पावडरीचा लगदा अंगावर उडाला म्हणे, आणि त्यानंतरही तो तासभर काम करत होता. शुद्ध जात-येत होती. मी बोटाला यंत्र लावलं. प्राणवायू पंच्याऐंशी दाखवत होतं. मी काय समजले? मेंदीमुळे यंत्र फसतंय! मेंदी, नेलपॉलिश असलं की आकडा चुकतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. शिकलेलं ज्ञानच आडवं आलं. नखांवर लालभडक रंग, माणूस सावळा, कोणीतरी म्हणालं शनिवारचा उपवास आहे. मी साखरपाणी करत बसले!

मग त्याने उलटीसाठी तोंड उघडलं. जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी. त्या क्षणी माझ्या डोक्यात दिवा पेटला. कपडे फाडून काढले, पाण्याची नळी लावली, प्राणवायू, गाडी. बोईसरच्या इस्पितळात पोचेपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होते, "बन्सी, झोपायचं नाही, शिव्या दे मला, पण झोपू नकोस."

जिवंत आहे. अतिदक्षता विभागात ठेवलाय.

त्या मेंदीने माझा वेळ खाल्ला. कुठल्या भाच्याचं हे लग्न, मला बघायचंच आहे.

रविवार, १९ जानेवारी

ड्युटी सुटल्यावर वसाहतीलगतच्या कुंभवलीला मैनाबाईच्या खोलीवर गेले. धीर द्यायला गेले होते. तिने दार उघडलं आणि उंबऱ्यातच मला धरलं.

"कशाला आली? आता याचं पन नाव लिवलं आसंल!"

मी म्हटलं, "अगं, लिहायलाच हवं, त्याच्याच भल्याचं आहे."

"भलं? पंढरीचं लिवलं, तिसऱ्या दिशी ठेकेदार म्हनाला, उद्यापासून येऊ नको. मंग त्या दोघांचं लिवलं, ते पन गेले. तुमी नाव लिवता, मंग मानूस जातो. कोन गावाला गेला नाय, सिस्टर. तुमीच धाडलं."

मी तिच्या पायरीवर बसले. रोज संध्याकाळची ती प्रत! आजारी कोण, ते त्यांना बसल्या जागी कळत होतं, आणि आजाऱ्याला काढलं की आजार गेला. त्यावर 'उत्तम काम' म्हणत होते आणि मी फुगत होते. भाच्याचं लग्न नाही, काही नाही. निळी नखं माझ्यापासून लपवायला मैनाबाईने मेंदी भिजवली होती, एका घमेल्यात, सगळ्या पाळीसाठी. ते कंपनीला भीत नव्हते. मला भीत होते.

"मेंदी मीच लावली," मैनाबाई म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. "डाक्टर म्हनला, मेंदी नसती तर लवकर कळलं आसतं. मंग मीच मारलं का त्याला?"

मी तिला जवळ ओढलं. आम्ही दोघी रडलो, दोघींनी मिळून एकाच माणसाला फसवलं म्हणून. आणि मग मला असा राग आला, असा राग आला की रडूच थांबलं.

सोमवार, २० जानेवारी

प्रतापसरांसमोर उभी राहिले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते. चढला.

ते शांतपणे म्हणाले, "ठेकेदार कोणाला ठेवतो, कोणाला काढतो, त्याचा कंपनीशी संबंध नाही. बन्सीचं म्हणाल तर उपवास होता, भोवळ आली. तेवढं लिहा. या कंपनीवर शेकडो चुली पेटतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"मूठच निळी पडलीय, साहेब. किती दिवस झाकणार?"

"तुम्ही नव्या आहात," एवढंच म्हणाले, आणि फोन उचलला.

मी 'उपवास' लिहिलं नाही. 'कामावर पिवळ्या पावडरीचा लगदा अंगावर पडून विषबाधा' असं लिहिलं. प्रत आजपासून बंद. पण हेही कळलं की माझ्या रजिस्टरात मी वेद लिहिले तरी ते या भिंतींच्या आतच राहणार. बन्सीचं दुखणं कामातून आलं असं बाहेर नोंदलं गेलं नाही, तर उपचार, भरपाई, नोकरी, काहीच नाही. भोवळ आलेल्या माणसाला कोण काय देतं?

बुधवार, २२ जानेवारी

डॉ. किंजलला गाठलं. कायदा तिलाच जास्त माहीत. हा आजार सरकारी यादीत आहे. असा रोगी दिसला तर डॉक्टरने थेट कारखाने निरीक्षकांना कळवायचं, कंपनीला विचारायचंही नाही. मी म्हटलं, मग कळव की!

ती म्हणाली, "सिस्टर, मी चार कंपन्यांमध्ये जाते. एकीने काढलं की चारही काढतील. आणि पुरावा? पंढरी बरा झाला, बन्सीच्या कागदावर नुसतं 'बेशुद्ध' लिहिलंय."

तिला भित्री म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं, जीभ चावली. ती खोटं बोलत नव्हती. म्हणून विचारलं, "पुरावा दिला तर?"

"रक्त पाहिजे. पाळी सुटल्या सुटल्या. नंतर ते आपोआप सुधरतं."

एकाचं नाव गेलं की तो एकटा सापडतो. सगळ्यांची एकदम गेली तर? आख्खं खातं काढायला यांना छाती लागेल. मैनाबाईकडे पुन्हा जायचं. ती दार लावेल, मी लावलेल्या दारात बसेन.

गुरुवार, २३ जानेवारी

तिने दार लावलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "कागद कंपनीत जानार नाय?" मी म्हटलं, "थेट साहेबाकडे. कंपनीला नंतर कळेल." ती म्हणाली, "मंग आमच्या आंगनात करा. तुमच्या खोलीत कोन मरायला येनार नाय."

उद्या कारखान्याची सुट्टी, म्हणून आज संध्याकाळची वेळ धरली. पाळी सुटली तसे कपडे न बदलता माणसं कुंभवलीच्या त्या अंगणात जमली. किंजल आली. येईल की नाही, मला रस्ताभर धाकधूक. पेटी उघडून तिने एक पांढरा शोषकागद पाटावर पसरला. पहिल्यांदा स्वतःच्या बोटाला सुई टोचली, एक थेंब कागदावर. शेजारी माझा. लाल.

मग ती म्हणाली, "आता कोण? नाव सांगायचं आणि हात द्यायचा."

एक माणूस हलेना. सगळे आपापल्या चपलांकडे बघतायत. मी तोंड उघडणार तेवढ्यात मैनाबाई पुढे आली, पदर खोचून पाटासमोर बसली.

"मैना बन्सी. फडकी धुते. पयलं माजं घ्या."

किंजलने थेंब घेतला. काळपट तपकिरी, गुळाच्या काकवीचा असतो तसा. हवा लागली तरी लाल होईना. आमच्या दोन थेंबांशेजारी तो तसाच बसून राहिला. मी मैनाबाईला तोंड उघडायला सांगितलं. जीभ जांभळी.

त्याच पावडरीची फडकी रोज उघड्या हातांनी पिळणारी बाई! महिनाभर माझ्या नजरेसमोर. बाईच्या हातावर मेंदी असायचीच, म्हणून मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही. रजिस्टरात एका बाईचं नाव नाही माझ्या. विचारलं, तुला त्रास होत नव्हता? म्हणाली, "डोकं तं रोजच दुखतं. बाईचं डोकं कोन धरतं?"

पुरुषांना ते सहन झालं नसावं. एकजण उठला, मग दुसरा. नावं पडत गेली, थेंब पडत गेले. अंगणाच्या टोकाला कोणीतरी उभा होता. वैतरण्याहून पंढरी आला होता! "माजी नोकरी तं गेलीच," तो म्हणाला, "पन कशी गेली ते लिवा." तिघे मात्र न देताच निघून गेले. त्यांच्या घरी लहान पोरं आहेत. त्यांना मी अडवलं नाही.

किंजल कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आ तो हवे मोकलवुं ज पडशे. पाठवावंच लागेल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथेच पाटाशी बसून अहवाल लिहिला, खाली सही केली, नाव ठळक काढलं.

शनिवार, २५ जानेवारी

अहवाल गेला. पोचही आली.

आणि मला घरी बसवलं. 'खोलीची पुनर्रचना' म्हणे. परत गोण्या भरा मेल्यांनो! प्रथमोपचार खोलीची चावी प्रतापसरांच्या टेबलावर आपटली. बाहेर आले तेव्हा बरं वाटत होतं. ललितला सांगितलं तर म्हणाला, "पानवेलीला मानूस हवाच होता." मग चहा करून आणला, न मागता.

शनिवार, १ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. अंगणात नावं दिलेल्या सगळ्यांना ठेकेदाराने आज काढलं. यांना छाती आहे तर! माझा हिशेब सपशेल चुकला. किंजलच्याही दोन कंपन्या गेल्या. मी मैनाबाईसमोर कुठल्या तोंडाने जाऊ, असा विचार करत दुपारपर्यंत घरात फेऱ्या मारल्या. नंतर गेलेच.

ती रागावली नव्हती. ती म्हणाली, "रडून काय व्हनार? साहेब कवा येनार ते सांगा."

मला माहीत नव्हतं. उद्या येईल, पंधरा दिवसांनी येईल. आला की कंपनी सांगणार, असे लोक इथे नाहीतच. म्हणून म्हटलं, कोणी गावाला जायचं नाही. रोज पाळीच्या वेळेला गेटसमोर रस्त्याच्या कडेला बसायचं. कंपनीत नाही ना घेत, रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही. मीही बसेन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज गाडी आली. आम्ही समोर लिंबाच्या सावलीत बसलो होतो, भाकऱ्या सोडलेल्या. निरीक्षकसाहेब आत गेले. बराच वेळ गेला. मैनाबाई जोंधळा निवडावा तशी समोरची खडी निवडत बसलेली.

मग साहेब गेटवर आले, हातात किंजलचा अहवाल, मागे प्रतापसर. प्रतापसर सांगत होते, "सर, ही ठेक्याची माणसं. हंगाम संपला, गावी गेली. आता पत्ते कुठून मिळणार?"

मी उठले. "साहेब, पत्ता हाच आहे. गावी कोणी गेलेलं नाही. हाक मारून बघा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसांकडे बघितलं, आणि गेटमधून बाहेर आले. रस्त्यात उभं राहून त्यांनी अहवालावरचं पहिलं नाव वाचलं. पंढरी उठला, "हाय, साहेब. ड्रायर." दुसरं नाव. तिसरं. एकेक जण उठत गेला, धोतराची, पँटची माती झटकत. आतली पाळी सुटत होती, तीही गेटपाशी थांबली. त्या दिवशी अंगणातून निघून गेलेल्या तिघांपैकी एकजण आतूनच ओरडला, "साहेब, माजं नाव नाय त्यात, पन माजं पन रगत तसंच हाय!" प्रतापसरांनी वळून बघितलं. तो मागे सरला नाही.

"बन्सी," साहेबांनी वाचलं.

कोणी उठलं नाही. साहेबांनी पुन्हा वाचलं आणि प्रतापसरांकडे बघितलं. "हा?"

"त्याला उपवासाने भोवळ आली होती, सर. आजारपण घरगुती आहे."

मैनाबाई उठली. तिची बारी येऊन गेली होती, तरी परत पुढे गेली, साहेबांच्या अगदी समोर.

"माजा नवरा. इस्पितळात हाय, रगत चढवतात. उपास कवा केलाच नाय त्यानं, भूक सोसत नाय त्याला. प्रेसवर होता, लगदा आंगावर पडला. नाव बन्सी. त्याच्या नावापुढं कंपनीचं नाव टाका. लिवा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, प्रतापसरांच्या देखत लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं.